मावशीच्या पोरीसाठी : जर्मनीला निघायच्या आधी

सगळ्यात आधी नाव बघ. तुझ्या मार्कशीटवर आडनाव पुढे आहे, मग तुझं नाव, मग काकांचं. आधारवर क्रम वेगळा, आणि शाळेच्या टीसीवर मास्तरांच्या कानाला जसं आलं तसं. पासपोर्टवर जे आहे ते खरं धर आणि बाकीचे कागद त्याच्याशी जुळवायला आजच लाग. ग्रामपंचायतीतला जन्माचा दाखला, सेतूतलं प्रतिज्ञापत्र, बोर्डाकडची दुरुस्ती, यात किती दिवस जातील याचा नेम नाही. माझ्या नावातल्या बाबांच्या 'शेषराव'चे एका कागदावर 'शेशराव' झाले होते, त्या एका अक्षरापायी यवतमाळच्या चार चकरा झाल्या. हे संपल्यावर एपीएस, म्हणजे आपले शिक्षणाचे कागद खरे असल्याचं प्रमाणपत्र. नोव्हेंबर २०२२ पासून भारतातल्या विद्यार्थ्यांना हे प्रमाणपत्र लागतंच, आणि ते हातात आल्याशिवाय व्हिसाचं पुढे सरकत नाही.

आता पैसे. ब्लॉक अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरून दाखवावे लागतात. तिथे पोचल्यावर त्यातूनच महिन्याला ९९२ मिळतात. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला तरी बारा लाख झाले. आकड्याहून अवघड आहे तो महिना. आपल्या घरात पैसा येतो सीतादही, म्हणजे वेचणीची पूजा झाल्यावर, कापूस विकून, दिवाळी ते संक्रांत. आणि व्हिसासाठी रक्कम लागते मे-जूनमध्ये, जेव्हा काका कृषी केंद्रात बियाण्याचा न् खताचा हिशोब करत उभे असतात. म्हणून कर्जाचं जानेवारीतच काढ. सातबाऱ्यावरची शेतजमीन बँका तारण म्हणून सहसा घेत नाहीत, त्यामुळे 'चार एकर आहे ना' या भरवशावर राहू नको. मोठे घर कोणाच्या नावावर आहे ते आधी विचार. अनुसूचित जातीतल्या मुलामुलींसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, तुझ्या मैत्रिणीला सांग.

व्हिसाच्या भेटीला मी बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं मुंबईला गेले होते. जायचं तिकीट भेटीच्या आदल्या दिवशी पोचणारं काढ. गाडी लेट झाली म्हणून पुढची तारीख लगेच मिळत नाही.

प्रवेशाचं पत्र आलं त्याच दिवशी होस्टेलच्या खोलीचा अर्ज टाक. खोली मिळणं हे प्रवेश मिळण्याहून कठीण आहे, आणि मी हे चेष्टेनं म्हणत नाही.

बॅगेबद्दल मावशी तुझं ऐकणार नाही, म्हणून तिला हे वाचून दाखव. तूप, पेढे, खवा, पनीर काही नाही. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानात आणायला बंदी आहे. संत्री आणि कढीपत्ताही तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय चालत नाहीत. माझी तुपाची बरणी मुंबईतच मामाकडे राहिली, मामी खूश झाली. पण भिवापुरी तिखट, जवसाची चटणी, तुरीची डाळ, कुरडया, सांडगे, लोणचं हे सगळं ने. लोणचं मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून. पॉवर बँक मात्र जवळच्या बॅगेतच. कुकर स्टीलचा घे, बुडाशी इंडक्शनवर चालेल असा. तिथल्या कितीतरी खोल्यांत गॅस नसतो आणि साधा अॅल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापतच नाही. वरून दोन जादा रबर आणि एक शिट्टी. चष्म्याचा दुसरा जोड. आपली तीन पिनची वायर तिथल्या भोकात बसत नाही, अडॅप्टर घे. जाड कोट नागपुरात घेऊ नको. आपण पंचेचाळीस अंशात वाढलेलो, आपला 'जाड' तिथे पातळ निघतो. आतले गरम कपडे इथून, कोट आणि पाणी न शिरणारे बूट तिथून.

पोचल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंद करायची, त्याला आन्मेल्डुंग म्हणतात. घरमालकाची सही असलेला कागद त्यासाठी लागतो, तो किल्ली घेतानाच मागून घे. रेडिओ-टीव्हीचे महिन्याला १८.३६ युरो घरटी द्यावे लागतात, टीव्ही असो नसो; एका घरात चौघी राहिल्या तर चौघींत वाट. रविवारी किराणा बंद. पाण्याची प्लास्टिकची बाटली फेकू नको, दुकानात परत दिली की २५ सेंट हातात येतात.

फिरायचं तुझ्या डोक्यात आहेच, पॅरिसचं चित्र भिंतीवर पाहिलं मी. तिथल्या राहण्याच्या परवान्यावर शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या, बाकी देशांत १८० दिवसांत ९० दिवस हिंडता येतं. लंडन आणि डब्लिन त्यात नाहीत, तिथे वेगळा व्हिसा. पण डिसेंबरची तिकिटं सप्टेंबरात काढायची घाई करू नको. सुरुवातीचा व्हिसा काही महिन्यांचाच असतो, आणि राहण्याच्या परवान्याचं कार्ड यायला वेळ लागतो. व्हिसा संपत आला नि कार्ड नाही, अशा वेळी सीमा ओलांडायची नाही. स्वस्तात परदेश पाहायचा तर सीमेवरच्या केल गावातून ट्रामनं ऱ्हाइन ओलांडून स्ट्रासबुर्गला जाता येतं. पहिल्यांदा गेले तेव्हा फ्रान्स आला कधी ते कळलंच नाही. घरी यायचं परीक्षा संपल्यावर, फेब्रुवारी-मार्चमध्ये. दिवाळीला सुट्टी नसते, हे मावशीला आत्ताच सांगून ठेव. ऐनवेळी सांगितलंस तर रडेल.

घराची तयारी सगळ्यात शेवटी लिहितेय, पण ती जायच्या महिनाभर आधी कर. काकांना व्हिडिओ कॉल उचलायला शिकव, दहा वेळा उचलून घे. नेटवर्क पाण्याच्या टाकीजवळच येतं, हे त्यांना ठाऊक आहे. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी त्यांची घड्याळं सरकतात. माझ्या आईला वाटलं होतं मी फोन करायची वेळ बदलली. "काऊन वं, आता आमची आठवण उशिरा येते का?"

हरभऱ्याच्या ओलितासाठी रात्रपाळीची लाईन असली की बाबा तीन वाजता शेतात असायचे. तेव्हा माझ्याकडे रात्रीचे साडेदहा. डिसेंबरात तिथे चार-साडेचारलाच अंधार पडतो, साडेदहापर्यंत मन पार वाळून जायचं. मी तेव्हाच फोन लावायचे. मागे मोटार सुरू असायची, बाबा "थांब, बारं वळवतो" म्हणून मोबाईल धुऱ्यावर ठेवायचे आणि मी पाण्याचा आवाज ऐकत बसायचे. काकांच्या मोबाईलची बॅटरी तासभरही टिकत नाही. ती बदलून जा.