स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया: ‘वर्षाला किती करता?’ हे विचारताना

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत रुग्ण टेबलावर दगावणे फार विरळा असते. त्यामुळे सर्जनचा सराव कमी असल्याचे परिणाम लगेच दिसत नाहीत, ते काही वर्षांनी दिसतात, गाठ पुन्हा उद्भवली किंवा हाताला कायमची सूज राहिली की. न्यूयॉर्क राज्यातील १९९८ च्या अभ्यासात, वर्षाला जेमतेम दहा शस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णालयांतील स्त्रियांना पाच वर्षांत मृत्यूचा धोका, दीडशेहून अधिक होणाऱ्या रुग्णालयांतील स्त्रियांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त आढळला. मोठ्या रुग्णालयात कोण पोहोचू शकते, याचाही त्यात वाटा असू शकतो, हे मात्र विसरू नये.

सर्वांत आधी एक गोष्ट सांभाळावी: निदानापूर्वी ‘छोटीशी गाठ आहे, काढून टाकू’ असे कोणी म्हटल्यास थांबावे आणि कोअर बायोप्सी, म्हणजे जाड सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्यावी. घाईने गाठ काढली, की काढलेल्या भागाच्या कडा कर्करोगाच्या पेशींपासून नीट मोकळ्या मिळाल्या की नाही, हे कळणे अवघड होते आणि पुढचे सगळे नियोजन विस्कटते.

मग सर्जनना सरळ विचारावे, ‘डॉक्टर, स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आपण स्वतः वर्षाला किती करता?’ युरोपीय तज्ज्ञसंघटनेची अपेक्षा सर्जनमागे किमान ५० आणि केंद्रामागे १५० नव्या रुग्णांची आहे. ‘भरपूर’ हे उत्तर नव्हे. कडांवर पेशी राहिल्याने किती जणींची दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया करावी लागते आणि काखेतील सगळ्या ग्रंथी न काढता सेंटिनल नोड बायोप्सी (कर्करोग आधी जिथे पोहोचतो, त्या मोजक्याच ग्रंथी काढून तपासणे) होते का, हेही विचारावे.

माझ्या मते सर्जनच्या आकड्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वजन रुग्णालयाच्या व्यवस्थेला द्यावे: पॅथॉलॉजिस्ट, किमोथेरपी व रेडिएशनचे तज्ज्ञ ट्यूमर बोर्डात एकत्र बसून शस्त्रक्रियेआधी निर्णय घेतात का? टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये (कर्करोग केंद्रांच्या देशव्यापी जाळ्यात) जवळचे केंद्र आहे का, हे पाहण्याजोगे आहे. गडचिरोली-नंदुरबारकडील रुग्णांना शस्त्रक्रिया मोठ्या केंद्रात आणि किमोथेरपी घराजवळ, अशी विभागणी आधीच ठरवून घेता येते.

चौकशीत दोन-तीन आठवडे गेले तर सहसा बिघडत नाही, महिने गेले तर बिघडते. दुसऱ्या ठिकाणी मत घ्यायला जाताना केवळ रिपोर्ट नव्हे, तर बायोप्सीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉकही (मेणात जतन केलेले गाठीचे तुकडे) मागून घ्यावेत.