नागपूरहून अंदमानला स्कूबा डायव्हिंगसाठी निघण्यापूर्वी: तयारीची यादी

या सहलीची आखणी परतीच्या विमानापासून मागे मागे करत यायची असते. सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो: चार दिवसांचं पॅकेज, शेवटच्या सकाळी डाइव्ह आणि दुपारी विमान. पाण्याखाली आपण दाबाखालची हवा श्वासात घेतो, त्यातला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत मुरतो आणि वर आल्यावर तासन् तास सावकाश बाहेर पडत राहतो. विमानाच्या केबिनमधली हवा सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावी इतकी विरळ असते. अंगात उरलेला नायट्रोजन तिथे बुडबुडे धरू लागला, तर सांधेदुखीपासून हातपाय लुळे पडण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. डायव्हर्स अलर्ट नेटवर्क, म्हणजे डॅन, ही संस्था एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास आणि एकाहून जास्त डाइव्ह किंवा सलग काही दिवस डायव्हिंग केलं असेल तर किमान १८ तास विमान टाळायला सांगते. आपण सरसकट २४ तास धरावेत. पोर्ट ब्लेअरहून रविवारी सकाळचं विमान असेल, तर हॅवलॉक बेटावरची शेवटची डाइव्ह शुक्रवारीच आटपायची, शनिवारी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर गाठायचं आणि उरलेला दिवस सेल्युलर जेलला द्यायचा. समुद्र खवळला आणि शनिवारची बोट सकाळऐवजी दुपारी सुटली, तरीही विमान चुकत नाही. हा राखीव दिवस कापून पैसे वाचवायला कुणी सांगितलं, तर ऐकू नका.

तिकीट काढताना नावांचा गोंधळ होतो. पोर्ट ब्लेअरचं सरकारी नाव २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. हॅवलॉकचं २०१८ मध्ये स्वराज द्वीप झालं आणि नीलचं शहीद द्वीप. बोटीच्या तिकिटावर नवं नाव आणि हॉटेलच्या पावतीवर जुनं असू शकतं, बेट तेच. भारतीय नागरिकाला या तिन्ही ठिकाणी वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र मात्र बोटीवरही दाखवावं लागतं.

नागपूरहून चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू किंवा हैदराबाद अशी विमान बदलून वाट आहे. दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या. वेगवेगळी तिकिटं काढली आणि पहिलं विमान उशिरा पोचलं, तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे बुडतात. हिवाळ्यात दिल्लीमार्गे स्वस्त तिकीट दिसलं तरी धुक्याचा हिशेब करा. वेळ असेल तर रेल्वेनेही जाता येतं. चेन्नईची तमिळनाडू एक्स्प्रेस आणि जीटी, हावड्याची गीतांजली, सगळ्या नागपूरवरूनच जातात. रेल्वेने गेल्यास विमानाआधी त्या शहरात एक मुक्काम ठेवा, जोडणी तासांत धरू नका. पोर्ट ब्लेअर ते हॅवलॉक खासगी बोटीला साधारण दीड ते अडीच तास लागतात. ती तिकिटं विमानाची तिकिटं हातात आल्यावर लगेच काढा, डिसेंबरअखेरीस जागा उरत नाहीत.

महिना कोणता? जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये परतीचा पाऊस आणि बंगालच्या उपसागरातली वादळं. जानेवारी ते एप्रिल हा सगळ्यात भरवशाचा काळ, त्यातही फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्र बहुधा शांत असतो. महिना ठरला की घरातलं पंचांग काढा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी जास्त चढतं-उतरतं आणि प्रवाह जोरकस होतात. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा ओढ कमी. नवशिक्याने डायव्हिंगचे दिवस अष्टमीच्या आजूबाजूला पाडले, तर अर्धी दमछाक वाचते.

आता शरीराकडे. प्रत्येक डाइव्ह सेंटर वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतं: दमा, फिट्स, हृदयविकार, मधुमेह, फुफ्फुसाची किंवा कानाची शस्त्रक्रिया, गर्भारपण. पंचेचाळिशीच्या पुढच्यांना धूम्रपान, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांचे जादा प्रश्न असतात. एकाही निर्णायक प्रश्नाला ‘हो’ आलं, तर डॉक्टरची सही लागते. म्हणून फॉर्म महिनाभर आधी मागवून नागपुरातच सही घ्या. बेटावर डॉक्टर शोधण्यात एक दिवस सहज जातो. सहीच्या कटकटीला कंटाळून ‘नाही’वर खूण करणारे बरेच असतात. दमेकऱ्याच्या फुफ्फुसात हवा अडकून राहू शकते आणि १० मीटरवरून पृष्ठभागावर येताना तीच हवा फुगून दुप्पट होते. फुफ्फुस फाटतं ते असं. पाण्याखाली कधीही श्वास रोखायचा नाही, या पहिल्या नियमामागेही हेच कारण आहे. गरोदर बाईने डायव्हिंग करूच नये. पाळी आडवी येत नाही.

कानांची तपासणी वेगळी करून घ्या. धंतोली-रामदासपेठेत ईएनटी डॉक्टरांना तोटा नाही. मळ साफ करून घ्यायचा आणि पडदा धड आहे का ते विचारायचं. त्यानंतर कानातला दाब सारखा करण्याचा सराव घरी करा: नाक चिमटीत धरून तोंड मिटायचं आणि हळूच हवा नाकाकडे ढकलायची, दोन्ही कानांत ‘टक’ असं वाजलं पाहिजे. नाक धरून आवंढा गिळला तरी काहींचे कान उघडतात. रोज दहा-बारा वेळा, महिनाभर. पहिल्या डाइव्हमध्ये माणूस अडतो तो बहुतेक कानांपाशीच, पोहता न येण्यामुळे क्वचितच. सर्दी झाली तर डाइव्ह रद्द. नाक मोकळं करणारी गोळी घेऊन उतरायचा मोह होतो, पण तिचा असर पाण्याखाली ओसरला, तर वर येताना हवा कानात कोंडते आणि तेव्हा थांबायची सोयही नसते, कारण टाकीतली हवा संपत आलेली असते.

पोहायला येत नसेल तरी चालतं, असं एजंट सांगतात. फक्त अनुभव म्हणून प्रशिक्षकाचा हात धरून केलेल्या डाइव्हसाठी ते खरं आहे. तिची खोली १२ मीटरपर्यंत आणि वय किमान १० वर्षं. ओपन वॉटर, म्हणजे डायव्हिंगचं पहिलं प्रमाणपत्र हवं असेल तर २०० मीटर न थांबता पोहणं आणि १० मिनिटं तरंगणं दाखवावं लागतं. २५ मीटरच्या तलावात ते आठ लांब्या होतात, वेळेची अट नाही. नागपूरकराची अडचण ऋतूची आहे: डायव्हिंगचा हंगाम सुरू होतो तेव्हा आपल्याकडे पाणी बर्फगार असतं. उन्हाळ्यात तलाव गजबजलेले असले तरी मार्च ते जूनमध्येच पोहणं पक्कं करा आणि दिवाळीपर्यंत टिकवा. प्रमाणपत्राचा अभ्यास ऑनलाइन असतो, तो घरूनच संपवा, म्हणजे बेटावरचे तीन-चार दिवस पाण्यात जातात. त्यात समुद्रातल्या चार डाइव्ह असतात आणि १८ मीटरपर्यंतचा परवाना मिळतो. वर्षातून एकदाच समुद्र बघणार असाल, तर आमच्या मते प्रमाणपत्राच्या मागे न लागता दोन-तीन अनुभव-डाइव्ह कराव्यात.

सेंटर निवडताना फोनवर विचारायचे प्रश्न मोजके आहेत. सेंटर पाडी किंवा एसएसआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थांशी संलग्न आहे का? एका प्रशिक्षकामागे किती जण? नवशिक्यासाठी एकास एक किंवा फार तर एकास दोन मागा. बोटीवर ऑक्सिजन आहे का, आणि गरज पडल्यास कोणत्या रीकम्प्रेशन चेंबरला (नायट्रोजनच्या बुडबुड्यांवर पुन्हा दाब देऊन उपचार करतात ती बंद खोली), कशाने नेणार? शेवटच्या प्रश्नाला जिथे हसून टाळतात, ते सेंटर सोडा. विम्याचंही आताच बघा. साध्या प्रवास विम्यात साहसी खेळ बहुधा वगळलेले असतात. डॅनचा किंवा स्कूबाचा स्पष्ट उल्लेख असलेला विमा घ्या. हॅवलॉकची नेमो रीफ नवशिक्यांसाठी ठीक आहे. जॉनीज गॉर्ज किंवा डिक्सन्स पिनॅकल ही खोल पाण्यातली ठिकाणं प्रमाणपत्र असलेल्यांनाच शोभतात. पहिल्याच दिवशी तिथे न्यायला तयार असलेल्या माणसापासून सावध.

सामान थोडंच लागतं. टाकी, रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारा), हवा भरायचं जॅकेट, फिन (पायात घालायचे पंख) सगळं भाड्याने मिळतं. स्वतःचा असावा तो मास्क, कारण तो चेहऱ्यावर बसणं हाच अर्धा आराम. पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवा आणि नाकाने श्वास ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला पाहिजे. बर्डीवर मिळणारा पोहण्याचा गॉगल चालत नाही. नाक त्याच्या बाहेर राहतं, त्यामुळे आतला दाब वाढवता येत नाही आणि डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर असतो, तो पांढऱ्या टूथपेस्टने आतून दोन-तीनदा घासून काढा, नाहीतर काच सारखी धुरकट होते. मिशी नाकाखाली थोडी कातरा, तिथूनच पाणी आत येतं. चष्मा असेल तर नंबरचा मास्क किंवा मऊ कॉन्टॅक्ट लेन्स, आणि लेन्सची एक जादा जोडी.

पाणी २७ ते ३० अंशांचं असतं, तरी चाळीस मिनिटांनी थंडी वाजते आणि पाठीवर ऊन लागतं. लांब बाह्यांचा रॅशगार्ड, म्हणजे अंगासरशी बसणारा पोहण्याचा सदरा, दोन्हींवर उपाय. सनस्क्रीन घेताना ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट नसलेलं घ्या. प्रवाळाला होणाऱ्या इजेच्या कारणाने हवाईने २०२१ पासून त्यांची विक्री बंद केली आहे. कोरडी पिशवी, टॉवेल, वाळूतल्या बारीक माश्यांसाठी मलम, ओआरएसची पाकिटं, पुरेशी रोकड (नेटवर्क गेलं की यूपीआयही जातं), ओळखपत्राच्या प्रती. टॉर्चचे लिथियम सेल आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेत, सुरी चेक-इनमध्ये. घड्याळावर ‘५० मीटर’ लिहिलंय म्हणून ते डाइव्ह कॉम्प्युटर (खोली आणि वेळ मोजून किती वेळ खाली राहायचं ते सांगणारं यंत्र) होत नाही. कॅमेरा पहिल्या डाइव्हला नकोच. दोन्ही हात आणि सगळं लक्ष श्वासाकडे हवं. फोनच्या प्लास्टिक पाऊचवर तर मुळीच भरवसा ठेवू नका.

बोट लागण्यावर अॅव्होमिन ही नेहमीची गोळी, पण तिने झोप येते आणि पाण्याखाली पेंगणं परवडत नाही. डॉक्टरांना विचारून नागपुरातच एका रविवारी घेऊन बघा, किती गुंगी येते ते कळेल. सौम्य त्रासाला आलेपाक पुरतो. आदल्या रात्री मद्य नको, सावजी तर नकोच: डोकं खाली करून पोहताना तेलकट-तिखट जेवण घशाशी येतं. बोटी पहाटे निघतात, अंदमानात उजाडतंही लवकर. निघण्याआधी तासभर दोन इडल्या किंवा केळं पुरे, तर्री-पोहे नागपूरला परतल्यावर. खर्रा आणि सिगारेट निदान काही दिवस आधी सोडा. धुराने श्वासनलिका आकसतात आणि हवा लवकर संपते. खर्‍याचा तोबरा तोंडात असताना रेग्युलेटर लावता येत नाही, हे वेगळं सांगायला नको.

पाण्यातल्या खुणा आधीच पाठ करा. अंगठा वर म्हणजे ‘वर चला’. ‘छान’ म्हणून दाखवला, तर प्रशिक्षक तुम्हाला पृष्ठभागावर आणून सोडेल. ‘ठीक आहे’ म्हणजे अंगठा आणि तर्जनीचं वर्तुळ. पंजा हलवून कानाकडे बोट म्हणजे कान दुखतोय. कान पृष्ठभागावरच पहिल्यांदा उघडा, मग दर अर्ध्या-एक मीटरला, दुखायच्या आधी. दुखलं तर जोर लावू नका, एक मीटर वर या आणि पुन्हा करा. मास्क गालांवर रुतू लागला तर नाकातून थोडी हवा सोडा. टाकी साधारण २०० बार (हवेच्या दाबाचं माप) दाबाने भरलेली असते आणि ५० बार उरतील अशा बेताने पाण्यावर यायचं असतं. काटा स्वतः बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबायचं. प्रवाळाला हात लावायचा नाही, आणि किनाऱ्यावरचा तुकडाही बॅगेत टाकायचा नाही: वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली तो गुन्हा आहे आणि विमानतळावर बॅगा तपासतात.

रोज डाइव्हनंतर कान गोड्या पाण्याने धुऊन कोरडे करा, भरपूर पाणी प्या, आणि वेळ, खोली, उरलेली हवा लॉगबुकात लिहा. नागपूरला पोचल्यावर एक-दोन दिवसांत सांधा विनाकारण ठणकू लागला, कातडीवर चट्टे आले, मुंग्या किंवा चक्कर जाणवली, तर प्रवासाचा शीण म्हणून झोपू नका. इस्पितळात गेल्या गेल्या ‘स्कूबा डायव्हिंग केलं होतं’ हे पहिलं वाक्य सांगा, ऑक्सिजन मागा, लॉगबुक दाखवा आणि डॅनच्या आपत्कालीन क्रमांकावर डॉक्टरांशी बोलणं करून द्या. तो क्रमांक निघण्यापूर्वीच फोनमध्ये आणि घरच्या एकाकडे लिहून ठेवलेला असावा.