अमेरिकेतली १९७३ची वेस्टफालिया (फोक्सवॅगनची कॅम्परव्हॅन) यूकेत आणून रजिस्टर केली (माझा अनुभव)

गाडी रिस्टोअर झालेली, बाल्टिमोरहून रोरो (गाड्या थेट चालवत चढवतात-उतरवतात त्या) जहाजाने साउथॅम्प्टनला आली. गॅसची बाटली आधीच काढून टाकली, आतलं सुटं सामानही, आणि टायटलची (मालकीच्या कागदाची) ओरिजिनल कॉपी स्वतःजवळ सांभाळली, कारण अमेरिकेतून निघताना कस्टम्सला आणि इथे डीव्हीएलएला (गाड्यांची नोंदणी करणाऱ्या सरकारी खात्याला) तीच लागते.

खरी अडचण कस्टम्स एजंटकडे आली. मी आयातीच्या डिक्लेरेशनचा ड्राफ्ट आधीच मागवला होता, त्यात साधी कार म्हणून कोड टाकलेला, म्हणजे १०% ड्युटी आणि वर २०% व्हॅट! ३० वर्षांपेक्षा जुनी, मॉडेल बंद झालेलं आणि चासी, इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग मूळचंच असेल तर ९७०५ हा संग्राह्य वस्तूंचा कोड लागू शकतो, मग ड्युटी शून्य आणि व्हॅट फक्त ५%. रिस्टोरेशनची बिलं आणि फोटो जोडून कोड बदलून घेतला, आणि एजंट कंटाळला तरी इथे अजिबात ढिलं सोडू नका.

चासी नंबर इंजिनच्या खणात उजवीकडे ठोकलेला असतो, तो नवीन रंगाखाली बुजला होता. थिनरचा बोळा हळूहळू फिरवला, आकडे वर आले, तिरपी टॉर्च धरून फोटो काढला. त्यावरच जुन्या गाड्यांच्या क्लबने गाडीच्या वयाचा दाखला दिला.

मग गाडी आल्यापासून १४ दिवसांच्या आत नोव्हा नोटिफिकेशन, म्हणजे गाडी आयात केल्याची करखात्याला सूचना दिली (ते नसेल तर डीव्हीएलए पुढे सरकत नाही), हेडलाइट डाव्या बाजूच्या ट्रॅफिकसाठी बदलले, रजिस्ट्रेशनचा व्ही५५/५ फॉर्म पाठवला. ४० वर्षं उलटल्यामुळे रोड टॅक्स शून्य. एमओटी (गाडीची वार्षिक तपासणी) सक्तीची नाही, मी तरी करून घेतली, घरच्यांना घेऊन फिरायचंय.