बसमार्ग बदलायचा प्रस्ताव आला की काय करावं: एका जुन्या एसटीवाल्याचं ऐका

३१ वर्षं एसटीत काढली. आधी वाहक, मग वाहतूक नियंत्रक, शेवटची नऊ वर्षं वाहतूक निरीक्षक. आता मुलाकडे असतो, अमेरिकेत रेडमंडला, म्हणजे सिएटल शहराशेजारच्या तळ्याच्या पूर्वेला. इथं मुलांकडे येऊन राहणाऱ्या आमच्यासारख्यांना बहुतेक गाडी चालवता येत नाही, आणि येत असली तरी सूनबाई चावी देत नाही. राहिले पाय आणि बस. तरीही बसच्या बदलाचा कागद निघाला की तो आपण सोडून सगळे वाचतात.

मीही पहिल्या वर्षी वाचला नव्हता. थांब्याच्या खांबावर सूचना दिसली तेव्हा जागा झालो. नातवाला बसवून दोन पानी पत्र लिहिलं आणि पाठवलं. उत्तर आलं, अगदी गोड भाषेत: अभिप्रायाची मुदत संपली, निर्णयही झाला. चूक माझीच. खांबावर चिकटतो तो निकाल. प्रस्ताव त्याच्या कितीतरी आधी फिरत असतो.

किती आधी, ते ऐका. आमच्याकडची रेल्वे, जिला २ लाइन म्हणतात, ती २७ एप्रिल २०२४ला साउथ बेल्व्ह्यू ते रेडमंड टेक्नॉलॉजी अशी सुरू झाली आणि १० मे २०२५ला डाउनटाउन रेडमंडपर्यंत आली. पण ती आल्यावर आसपासच्या बस कुठून वळवायच्या, कुठल्या बंद करायच्या, याबद्दल लोकांची मतं विचारायला २०२१ सालीच सुरुवात झाली होती. शेजारच्या बेल्व्ह्यू शहरातून सिएटलला जाणारी ५५० नंबरची थेट बस, रेल्वे तरंगत्या पुलावरून तळं ओलांडू लागली की बंद करायची, हे त्याच आराखड्यात होतं. ज्यांनी तेव्हा तोंड उघडलं त्यांचं म्हणणं कागदावर आलं. म्हणून पहिलं काम: इथं काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, बससेवा आहे, तिचं नाव किंग काउंटी मेट्रो (नाव मेट्रो, पण गाड्या बसच्या). तिच्या वेळापत्रकात वर्षातून दोनदा बदल होतात, एकदा वसंतात आणि एकदा शाळा सुरू होण्याच्या सुमारास. त्यांच्या सूचना मोबाइलवर येतील अशी नोंद मुलाकडून करून घ्या. तुमच्या नेहमीच्या बसचा नंबर त्यात टाका, म्हणजे नको त्या भागातली रडगाणी येणार नाहीत.

आता दुसरं काम, प्रस्ताव हातात आल्यावरचं. नकाशा आधी पाहू नका. नकाशा नेहमी सुंदर असतो. आधी तक्ता काढा आणि त्यात शनिवार-रविवार आणि रात्रीचे रकाने शोधा. वर ठळक अक्षरात ‘दर १५ मिनिटांनी’ लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा कामाच्या दिवसाचं, दिवसाउजेडीचं असतं. आपण देवळात जातो रविवारी. मग पहिली गाडी आणि शेवटची गाडी बघा. आमच्या आगारातही हाच खेळ चालायचा: फेऱ्या तेवढ्याच ठेवायच्या, पण मुक्कामी गाडी काढून दुपारी एक रिकामी फेरी घालायची. कागदावर हिशेब जुळतो, गाव मात्र रात्रीचं तुटतं.

दुसरी मेख वाट पाहण्याच्या वेळेची. इथले नियोजक सरासरी धरतात: अर्ध्या तासानं बस म्हणजे १५ मिनिटं वाट, १० मिनिटांनी रेल्वे म्हणजे पाच मिनिटं. त्यामुळे थेट बस काढून ‘बस आणि रेल्वे’ असं केलं तर त्यांच्या हिशेबात आपला वेळ वाचतो. पण अर्ध्या तासाच्या बसला १५ मिनिटं थांबतो कोण? तो नवखा. मला ९.४०ची गाडी माहीत आहे, मी ९.३७ला थांब्यावर हजर. माझी वाट तीन मिनिटं. नव्या रचनेत मात्र आधी तीन मिनिटं, मग उतरून चाल, मग लिफ्ट, मग पुन्हा पाच मिनिटं. हे तुमच्या घड्याळानं मांडून दाखवा. सरासरीला उत्तर सरासरीनं देता येत नाही, पण खऱ्या माणसाच्या खऱ्या वेळेनं देता येतं.

गाडी बदलणं वाईटच असतं असंही नाही. इथल्या बस-रेल्वेला चालणाऱ्या ओरका कार्डावर पहिल्या प्रवासाचे पैसे दोन तासांपर्यंत पुढच्या प्रवासात धरतात, त्यामुळे दुसऱ्यांदा खिशात हात घालावा लागत नाही. शिवाय ६५ वर्षांवरच्यांना सवलत आहे. मला स्वतःला रेल्वे आवडते. मॅरीमूर व्हिलेजला उतरलं की क्रिकेटचं मैदान चालत गाठता येतं, आणि कुठल्याही नियंत्रकाला न विचारता दहा मिनिटांत पुढची गाडी येते हे ३१ वर्षांच्या नोकरीत मी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. प्रश्न गाडी बदलण्याचा नाही, ती बदलण्याच्या जागेचा आहे.

म्हणून तिसरं काम, आणि हे घरात बसून होत नाही. नवा थांबा जिथं दाखवलाय तिथं चालत जा. एकदा कोरड्या दिवशी आणि एकदा नोव्हेंबरच्या पावसात. कागदावर पाव मैल म्हणजे पाच मिनिटं असतात. गुडघ्याला ती आठ-नऊ होतात, आणि बेल्व्ह्यूचे चढ पाहिलेत ना? डिसेंबरात साडेचारच्या आधीच सूर्य मावळतो. पदपथ सलग आहे का, रस्ता ओलांडायला सिग्नल आहे का, बसायला बाक आणि डोक्यावर छप्पर आहे का, हे लिहून घ्या. क्रॉसरोड्स मॉलमधल्या त्या मोठ्या बुद्धिबळाच्या पटाशी आमचा अड्डा जमतो. तिथल्या चौघांना मी एकदा हे करायला लावलं. दोघं अर्ध्यातून परत आले. तोच आमचा मुद्दा झाला.

एक गोष्ट मात्र जवळजवळ कोणालाच ठाऊक नसते. अपंगत्वामुळे साधी बस वापरता येत नाही त्यांच्यासाठी दारातून नेणारी गाडी असते, मेट्रोत तिला ‘अ‍ॅक्सेस’ म्हणतात. अमेरिकेच्या कायद्यानं ही सेवा किमान कुठवर द्यायची ते ठरतं चालू बसमार्गावरून: मार्गाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मैल. रेल्वेला मात्र हे अंतर रुळांच्या कडेनं मोजत नाहीत. प्रत्येक स्टेशनाभोवती पाऊण मैलाचं वर्तुळ काढतात. म्हणजे बसचा पट्टा जाऊन रेल्वेची वर्तुळं आली, तर दोन वर्तुळांच्या मधलं घर बाहेर पडू शकतं. फक्त नोकरदारांसाठी सकाळ-संध्याकाळ धावणाऱ्या कम्यूटर बसला तर हे बंधनच नाही. तुमच्या ओळखीत कोणी ही गाडी वापरत असेल तर अभिप्रायात एकच प्रश्न विचारा: या पत्त्यावरची सेवा बदलानंतरही राहील का? उत्तर लेखी मागा.

आता कोणाला सांगायचं. बसचा नंबर ५००च्या घरातला असेल किंवा रेल्वेचा विषय असेल तर साउंड ट्रान्झिट, म्हणजे रेल्वे आणि लांबच्या बस चालवणारी वेगळी संस्था, तिथं १८ जणांचं मंडळ ठरवतं. बाकी बहुतेक बस किंग काउंटी मेट्रोच्या. पदपथ आणि रस्ता ओलांडायचे पट्टे शहराचे. एका ठिकाणचं रडगाणं दुसऱ्याकडे गायलं तर ते नम्रपणे ऐकून घेतात, एवढंच. मेट्रोच्या बाबतीत एक मोजपट्टी लक्षात ठेवा: एखाद्या मार्गाचे आठवड्याचे तास २५ टक्क्यांहून जास्त बदलले, किंवा कुठलाही थांबा अर्ध्या मैलाहून जास्त सरकला, तर ते काउंटी कौन्सिलकडे मंजुरीला जावं लागतं. नऊ निवडून आलेली माणसं. तेव्हा मोठा बदल असेल तर आपल्या भागाच्या सदस्याच्या कार्यालयातही प्रत टाका. त्याहून लहान बदल मेट्रो स्वतःच करू शकते, तिथं अभिप्राय हाच एक दरवाजा.

‘आपण इथले नागरिक नाही, आपलं कोण ऐकणार’ हे मला दर आठवड्याला ऐकू येतं. अभिप्राय द्यायला नागरिकत्व लागत नाही, व्हिसा कोणता हेही कोणी विचारत नाही. उलट १९६४च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणामुळे मोठे बदल करण्याआधी त्याचा बोजा अल्पसंख्याकांवर जास्त पडतो का, हे मोठ्या वाहतूक संस्थांना तपासावं लागतं. तुमच्या थांब्यावर कोण कोण चढतं हे त्यांच्या आकड्यांत नसेल तर तुम्ही सांगा.

लिहायचं कसं? मी टेबलाच्या पलीकडे बसलोय, म्हणून सांगतो. ‘आमच्या गावावर अन्याय होत आहे’ असा अर्ज आला की तो फायलीला लागायचा. एकदा एका मुख्याध्यापिकाबाईंचं पोस्टकार्ड आलं: दहावीच्या १४ मुली, शाळा ५.१०ला सुटते, गाडी ४.५०ला जाते. दुसऱ्याच दिवशी फेरी २५ मिनिटं पुढं ढकलली. ठराव नाही, शिष्टमंडळ नाही. त्या कार्डात माझं अर्धं काम करून दिलेलं होतं.

तसंच इथं लिहा. माझा मागच्या वेळचा मजकूर साधारण असा होता: “मी मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी ९.४०च्या बसनं फिजिओथेरपीला जातो. आज एकच बस, २५ मिनिटं. प्रस्तावाप्रमाणे दोन बस आणि ०.४ मैल चाल, त्यात एक चढ. माझं वय ७१, काठी वापरतो. याच थांब्यावर माझ्याबरोबर नेहमीचे पाच जण चढतात. मार्ग बदलायचाच असेल तर सकाळी ९ ते ११मधल्या दोन फेऱ्या जुन्या वळणानं न्याव्यात.” बस. थांब्याचा क्रमांक खांबावरच छापलेला असतो, तो वर टाका. अंतर मैलात लिहा, मीटर वाचून त्यांचं डोकं चालत नाही. पाच जणांनी एकच मजकूर सही करून पाठवण्यापेक्षा पाच जणांनी आपापली वेळ लिहिलेली बरी. आणि शेवटची मागणी लहान ठेवा. ‘बदल रद्द करा’ याला एकच उत्तर असतं. ‘दोन फेऱ्या’ म्हटलं की समोरचा माणूस पेन उचलतो.

सभेत बोलायचं असेल तर दोन-तीन मिनिटंच मिळतात, हे आधी धरून चाला. आपल्याकडे तेवढ्यात अध्यक्ष महोदय आणि व्यासपीठावरील मान्यवर उरकतात. दुभाषा हवा असेल तर काही दिवस आधी मागावा लागतो, ऐन वेळी मिळत नाही. घरूनही ऑनलाइन बोलता येतं. मी तसंच करतो, कागदावर मोठ्या अक्षरात लिहून, घड्याळ समोर ठेवून, आदल्या दिवशी नातवापुढं दोनदा म्हणून दाखवून.

पाठवल्यावर पोच येते, ती जपून ठेवा. मोठ्या बदलांत प्रस्तावाचा दुसरा, कधी तिसरा मसुदा येतो, तेव्हा आपल्या थांब्याचं काय झालं ते पुन्हा तक्त्यात बघायचं. माझ्या दोन फेऱ्यांपैकी एक मिळाली आहे. दुसरीसाठी पुढच्या गुरुवारी बोलायचं ठरलंय, मुलाला सांगून ठेवलंय की संध्याकाळी लॅपटॉप मला लागेल.