सगळ्या खात्यांची खरेदी एकत्र करताय? मग या चुका टाळा

पर्वरीला सचिवालयात मीटिंग होते, सगळ्या खात्यांची खरेदी यापुढे एकाच ठिकाणाहून करायची असं ठरतं आणि दुसऱ्या दिवशी सर्क्युलर निघतं. मला ही कल्पना मनापासून पटते. एवढंसं आपलं गोवा राज्य, आणि त्यात प्रत्येक खातं तोच कागद, तेच टोनर, तीच खुर्ची वेगळ्या दराने घेतं, हे थांबायलाच हवं. पण सुरुवात करणारे दरवेळी त्याच चुका करतात आणि बदनाम मात्र योजना होते. खरेदी आणि स्टोअर्सच्या टेबलावरच माझी बरीचशी नोकरी गेली, म्हणून लिहितोय.

सगळ्यात महाग पडते ती मागणी गोळा करण्यातली चूक. "आपली वार्षिक गरज आठ दिवसांत कळवावी" असं सर्क्युलर गेलं की खाली काय होतं माहितेय? हेड क्लार्क मागच्या वर्षीचा आकडा काढतो, त्यात थोडे वाढवतो, साहेबांची सही घेतो आणि पाठवून देतो. स्टोअरमध्ये किती शिल्लक आहे ते बघायला कोणी उठत नाही.

एका ठिकाणी अशीच कागदाची एकत्र खरेदी झाली. फॉर्ममध्ये कॉलम फक्त 'संख्या', युनिटचा पत्ता नाही. कोणी रिम धरून आकडा लिहिला, कोणी बॉक्स धरून, आणि बॉक्स म्हणजे कुठे ५ रिम तर कुठे १०. वर बसलेल्यांनी सगळ्याची एक्सेलमध्ये बेरीज मारली आणि ऑर्डर काढली रिममध्ये. माल आला मे संपता संपता, आणि कन्साइनी, म्हणजे माल ताब्यात घेणारा, म्हणून पत्ता एकच दिलेला, त्यामुळे सगळा ट्रक पणजीतच रिकामा झाला. सांगे, काणकोण, पेडणे सगळीकडे निरोप गेला, गाडी घेऊन या आणि आपला वाटा न्या. आता तालुक्यातल्या चार माणसांच्या ऑफिसला गाडी कुठली? तोवर जून लागला, आपला पाऊस काय असतो ते सांगायला नको, आणि ते बॉक्स पॅसेजमध्ये लादीवर, भिंतीला टेकून पडलेले. कागदाने ओल धरली, असा कागद प्रिंटरमध्ये अडकतो, मग प्रिंटर बिघडला म्हणून कंप्लेंट, टेक्निशियन येऊन रोलर बदलून गेला तरी परत तेच. ज्यांनी बॉक्स धरून मागणी लिहिली होती त्यांचा कागद चवथीच्या आधीच संपला, त्यांनी समोरच्या दुकानातून किरकोळ भावाने आणला. एकत्र खरेदी करून सरकारने तोच कागद दोनदा विकत घेतला! स्टॉक जुळवायला नंतर मला बसवलं तेव्हा एकेक रजिस्टर उघडताना जीव तुटत होता, कारण हे सगळं एका छापील युनिटने वाचलं असतं.

म्हणून मी सर्क्युलरच्या उत्तरांवर कधीच बेरीज करत नाही. सरळ स्टोअरकीपरला फोन लावायचा आणि स्टॉक रजिस्टरमधला मागच्या तीन वर्षांचा इश्यूचा कॉलम मागायचा, खरेदीचा नाही, इश्यूचा, म्हणजे स्टोअरमधून प्रत्यक्ष दिलेल्या मालाचा, कारण खरी खपत तिथेच दिसते. त्यातून हातातली शिल्लक वजा करायची. आणि फॉर्मवर युनिट आपणच छापून द्यायचं, 'ए-४, ७५ जीएसएम, ५०० पानांचं रिम'. याला वेळ लागतो. नवीन आलेल्यांना तेवढा धीर नसतो, त्यांना महिन्यात टेंडर लावून दाखवायचं असतं, आणि पुढचं वर्षभर निस्तरत बसतात तालुक्यातली माणसं.

दुसरी चूक, दर एकत्र करायचा सोडून मालच एकत्र करणं. इथे लोक तामिळनाडूचं उदाहरण देतात. १९९४ मध्ये तिथे औषधांच्या एकत्र खरेदीसाठी मेडिकल सर्व्हिसेस कॉर्पोरेशन निघालं आणि ते उत्तम चाललंय, हे खरंच. पण आपल्याला त्यातलं मोठं टेंडर तेवढं दिसतं. त्यामागे जिल्ह्याजिल्ह्यात वखारी आहेत, हॉस्पिटलला पासबुक आहे, आपल्या वाट्याच्या रकमेत ते लागेल तसा माल उचलतं, आणि औषधाच्या बॅचचे नमुने लॅबला जातात. आपण वखार न बांधता, तपासणीची सोय न करता फक्त टेंडर वर ओढून घेतो. गोदाम नसेल तर रेट कॉन्ट्रॅक्ट करा, दर सगळ्यांना एक, पण ऑर्डर ज्या ऑफिसची त्याने काढावी, माल त्याच्या दारात उतरावा, बिलही त्यानेच पास करावं.

स्पेसिफिकेशन कॉपी-पेस्ट करू नका, याचा मला भयंकर राग येतो. डीजीएस अँड डी, म्हणजे केंद्र सरकारचं जुनं खरेदी खातं, ३१ ऑक्टोबर २०१७ ला बंद झालं, तरी त्यानंतरच्या फाइलींतही 'डीजीएस अँड डी रेट कॉन्ट्रॅक्टप्रमाणे' हे वाक्य मी वाचलंय. लोखंडी कपाटाचं स्पेसिफिकेशन कुठल्यातरी कोरड्या हवेच्या राज्यातून उचलतात आणि खारं वारं वास्को-काणकोणात त्याला खालून खायला लागतं. लिहायच्या आधी किनाऱ्यावरच्या एखाद्या ऑफिसात जाऊन जुन्या कपाटाचा तळ हात लावून बघा, पत्र्याची जाडी आणि पावडर कोटिंगच्या आधीची प्रक्रिया का लिहायची ते लगेच कळेल.

मर्यादेखाली बसवायला मागणीचे तुकडे पाडू नका, जीएफआर २०१७ मध्ये, म्हणजे केंद्राच्या वित्तीय नियमांत, त्याला स्पष्ट मनाई आहे. पण एकाच टेंडरमध्ये उत्तर आणि दक्षिण गोवा असे वेगळे लॉट ठेवणं म्हणजे तुकडे पाडणं नव्हे, आणि ते ठेवाच, नाहीतर टर्नओव्हरची अट एवढी मोठी होते की फोंड्या-म्हापशाचा सप्लायर दारातच अडतो.

मार्चमध्ये एकत्र खरेदी सुरू करू नका. बजेट संपवायच्या गडबडीत माल न बघताच सह्या होतात.

आणि पैसे वेळेवर द्या. जेमवर, म्हणजे सरकारी खरेदीच्या ऑनलाइन पोर्टलवर, माल तपासून सीआरएसी, म्हणजे माल मिळाला आणि स्वीकारला असा दाखला, दिला की १० दिवसांत पेमेंट करायचं असतं, इथे कन्साइनी रजेवर, त्याच्या लॉगिनचा पासवर्ड कोणाकडे नाही, बिल पडून. सप्लायर पुढच्या वेळी तो उशीर दरात धरूनच कोट करतो. मी ऑर्डर काढायच्या आधीच प्रत्येक ऑफिसकडून कन्साइनीचं आणि तो नसेल तर कोण बघणार त्याचं, अशी दोन नावं लेखी घेतो. नावं आली नाहीत तर त्या ऑफिसची मागणी त्या खेपेला धरत नाही, मग साहेबांचा फोन आला तरी.