नववी-दहावीची पुस्तकपेढी: मंडळांसाठी कामाची पद्धत

आठवीपर्यंत सरकारी आणि अनुदानित शाळांत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात. नववीला संच विकत घ्यावा लागतो, आणि सांगली जिल्ह्यातल्या जत-आटपाडीकडच्या कोरडवाहू घरांत नेमका त्याच जूनमध्ये बी-बियाण्याचा खर्च उभा असतो. वह्या वाटणारे पुष्कळ आहेत. सेवाभावी मंडळाकडे पैसा थोडा असेल, तर तो नववी-दहावीच्या संचांवर लावावा. वापरून झालेले संच गोळा करायचे, दुरुस्त करायचे आणि पुढच्या मुलांना वर्षभरासाठी द्यायचे, ही पुस्तकपेढी.

आधी मागणी, मग गोळा करणं. फेब्रुवारीतच मुख्याध्यापकांकडून यादी घ्या. नुसती मुलांची संख्या घेऊन भागत नाही. प्रत्येक नावापुढे इयत्ता, सेमी-इंग्रजी (सेमी) की पूर्ण मराठी, पूर्ण हिंदी की हिंदी-संस्कृत संयुक्त, एवढं लिहून घ्या. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. सेमीला गणिताचे दोन भाग आणि विज्ञान (नववीला एक पुस्तक, दहावीला दोन भाग) इंग्रजीत असतं, बाकी पुस्तकं मराठीत. सेमीच्या मुलीला मराठी माध्यमाचा संच गेला, तर त्यातली तीन-चार पुस्तकं तिच्या उपयोगाची नाहीत, आणि नेमकी त्याच विषयांची तिला सर्वांत जास्त गरज असते.

नववीची पुस्तकं निकालाच्या दिवशी शाळेतच गोळा करा. दहावीचं जरा वेगळं. शेवटच्या पेपरला मागितली तर मुलं देत नाहीत, निकालाची धास्ती असते. म्हणून मार्चमध्ये फक्त नाव आणि फोन लिहून घ्या, आणि ऑनलाइन निकाल लागला की दोन दिवसांत घरी जाऊन उचला. गुणपत्रिका हातात येईपर्यंत थांबलात, तर तोवर बरेच संच रद्दीत गेलेले असतात.

आतल्या पानावरचं साल बघा. सध्याची नववीची पुस्तकं २०१७ पासूनची आणि दहावीची २०१८ पासूनची. त्याआधीची घेऊच नका. पानं मोजा. पेन्सिलची उत्तरं खोडता येतात. गणिताचे सरावसंच पेनाने सोडवलेले असतील तर ते पुस्तक बाजूला ठेवा, कारण पुढचा विद्यार्थी डोकं न चालवता उतरवत बसतो.

पुठ्ठा सुटला असेल तर कण्याला कापडी चिकटपट्टी लावा. सेलोटेप वर्षभरात पिवळी पडते आणि निघताना कागद सोलते. घरची खळ वापरणार असाल तर त्यात चिमूटभर मोरचूद घाला, नाहीतर कसर आणि झुरळं लागतात. मोरचूद विषारी असतं, तेव्हा हे काम मोठ्यांनीच करावं आणि नंतर हात साबणाने धुवावेत. चिकटवलेली पुस्तकं रात्रभर वजनाखाली ठेवा.

जे कमी पडेल ते विषयवार मोजून एकदमच विकत घ्या. बालभारतीचं भांडार कोल्हापुरात आहे. अर्धा संच कुणालाही देऊ नका. राहिलेली दोन पुस्तकं नंतर देऊ म्हटलं की ती बहुधा राहूनच जातात.

प्रत्येक पुस्तकावर मार्करने संचाचा क्रमांक घाला. ‘द-से-१२’ म्हणजे दहावी, सेमी, बारावा संच. तोच वहीत, पुढे विद्यार्थ्याचं नाव आणि वर्गशिक्षकांची सही. अनामत घेऊ नका. शंभर-दोनशे रुपयांची अट घातली की ज्याच्यासाठी पेढी काढली तोच मागे फिरतो. परत आणण्याची आठवण वर्गशिक्षकांनी केलेली जास्त लागू पडते.

वाटप शाळा उघडण्याच्या आठवड्यात, वर्गात, शिक्षकांच्या हातून. व्यासपीठ, हार, संच हातात धरून फोटो, हे अजिबात नको. चौदा वर्षांच्या मुलाला गावासमोर गरीब म्हणून उभं राहायचं नसतं. असा कार्यक्रम झाला की पुढच्या वर्षी खरी गरज असलेली नावं यादीतून गळतात. देणगीदारांना हिशेबाचा कागद आणि संचांची संख्या पाठवा.

उरलेल्या संचांची जागा जपून निवडा. सांगलीत नदीकाठच्या भागात तळमजला नको; २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे कुणाला समजवावं लागू नये. मिरजेकडे उंचावरची किंवा वरच्या मजल्यावरची खोली बघा. ती मिळत नसेल, तर आयर्विन पुलापाशी कृष्णा ४० फुटांच्या इशारा पातळीकडे निघाल्याबरोबर खोकी हलवा. पाणी वाढल्यावर टेम्पोही मिळत नाही आणि माणसंही. खोकी लहान घ्या, औषधाच्या दुकानातली चालतात. मोठं खोकं भरलं की एकट्याने उचलत नाही आणि तळ फाटतो.