हॉरर गेम चालवताय? मग या चुका टाळा

नवीन जीएम (गेम मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत गेम चालवणारे) लोक हॉरर टेबलटॉप, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक कॅरेक्टर घेऊन खेळायचा भीतीचा गेम, चालवायला घेतात आणि पहिला प्रश्न काय, तर बॅकग्राउंडला म्युझिक कुठलं लावू. अरे बाबांनो, म्युझिकचं नंतर बघू, आधी तुमचा गेम मध्येच अडकणार नाही याची सोय करा.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे ज्याच्यावाचून स्टोरी पुढे सरकतच नाही असा क्लू रोलच्या, म्हणजे फासे टाकण्याच्या, मागे लपवणं. एका टेबलवर मी प्लेअर म्हणून बसलो होतो, कॉल ऑफ क्थुलू हा हॉरर गेम चालू होता. ओसाड बंगल्याचं तळघर, भिंतीतल्या एका सैल विटेमागे डायरी आणि पुढचं सगळं त्या डायरीवर. जीएमने स्पॉट हिडनचे (लपलेल्या गोष्टी हेरायचं स्किल) रोल मागितले, आम्ही तिघंही फेल. यात नवल काहीच नाही, त्या स्किलची बेस व्हॅल्यू, म्हणजे पास व्हायची मुळातली शक्यता, 25 टक्के, वर पॉइंट्स टाकले नसतील तर तिघं एकदम फेल व्हायची शक्यता 42 टक्क्यांच्या आसपास जाते. तर साहेब म्हणतात, "अजून एकदा नीट बघा." पुन्हा फेल. मग "कंदील जवळ नेऊन बघा." तोपर्यंत एकाने मोबाईल काढला, दुसरा कोळ्यांवर जोक मारायला लागला आणि शेवटी काय, तर वीट आपोआप खाली पडली! टेबल जे हसत सुटलं ते पुढे राक्षस आला तरी थांबेना.

क्लू सरळ देऊन टाका हो. गमशू ही गेमच्या नियमांची सिस्टिम मुळात याच दुखण्यावर बनलीये, योग्य स्किलवालं कॅरेक्टर योग्य जागी शोधतंय ना, मग क्लू मिळाला, विषय संपला. रोल हवाच असेल तर मी तो किंमत ठरवायला ठेवतो, म्हणजे डायरी मिळाली पण वेळ किती गेला, वीट काढल्याचा आवाज वर कुणी ऐकला का. क्थुलूच्या सातव्या एडिशनमध्ये पुश रोलसुद्धा आहे, दुसऱ्यांदा टाकायचं तर आता वेगळं काय करतोय ते प्लेअरने सांगायचं आणि परत फेल झालं की काहीतरी वाईट घडणार. नुसतं "परत टाक" असं नाही चालत. पण रूलबुक वाचायला वेळ कुणाला आहे, सगळ्यांना एक व्हिडिओ बघून जीएम व्हायचंय.

दुसरी चूक, राक्षस पहिल्याच सेशनला नावासकट हजर. नाव कळलं की कुणीतरी त्याचे हिट पॉइंट्स (किती मार खाऊन तो मरेल तो आकडा) मोजायला लागतोच. मी आधी खुणा देतो: दार आतून बंद, खोली रिकामी, दाराला आतल्या बाजूने ओरखडे आणि तेही कुणाचा हात पोचणार नाही इतक्या वर. मग गप्प बसायचं. प्लेअर्स आपापसात अंदाज बांधतात, त्यातला एखादा तुमच्या नोट्सपेक्षा भारी निघतो, तो बिनधास्त ढापा.

"तुझं कॅरेक्टर घाबरलंय" असं प्लेअरला सांगू नका, काय दिसतंय तेवढं सांगा.

सॅनिटी रोल (भयानक काही दिसल्यावर कॅरेक्टरचं डोकं ठिकाणावर राहतं का ते ठरवणारा) प्रत्येक दारामागे नको, चौथ्यापर्यंत लोक नुसते आकडे खोडत बसतात.

लाइन्स अँड व्हेल्स सुरुवातीलाच बोलून घ्या, कुठले विषय नकोतच आणि कुठले पडद्याआड चालतील. याने हॉरर पातळ होतं म्हणणाऱ्यांच्या टेबलवर मी बसत नाही.

कॅरेक्टर मारायचं दडपण घेऊ नका. टेन कँडल्स या गेममध्ये शेवटी सगळे मरणार हे सुरुवातीपासून माहीत असतं, तरी लोक जीव तोडून खेळतात.

आणि स्वतःची सिस्टिम बनवणाऱ्यांनो, शंभर ओळींचा भीतीचा टेबल बनवायच्या आधी ड्रेड हा गेम एकदा खेळून बघा. फासेच नाहीत, जेंगाचा मनोरा आहे, अवघड काम करायचं तर ठोकळा ओढायचा आणि मनोरा पडला की तुमचं कॅरेक्टर गेममधून बाद. नियम एवढाच आहे आणि ठोकळा ओढताना प्लेअरचा स्वतःचा हात थरथरतो. तुमच्या त्या शंभर ओळींमधला 73 नंबरचा "हलका कंप, -5 टक्के" हे कधीच करू शकणार नाही.